रात्रीचा मुक्काम

माणसाची पारख प्रवासात होते, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. गोष्ट खरी आहे, पण ती पुरती सांगितलेली नाही. चालताना ज्याचे त्याचे लक्ष आपापल्या पायांकडे असते. ऊन मी म्हणत असते, धाप लागलेली असते, पुढचे झाड कधी येते इकडे डोळे लागलेले असतात. पुढे चालणाऱ्या सोबत्याची आपल्याला फक्त पाठ दिसते. संध्याकाळी ओझी खाली ठेवली, पाय धुतले, चुलीवर पिठले रटरटू लागले, की मग तोंडे समोरासमोर येतात. कोण दुसऱ्याला आधी वाढतो, कोण कोपऱ्यात गप्प बसून राहतो, कोणाला घरची आठवण येऊन घास उतरत नाही, हे सारे तेव्हा दिसू लागते. प्रवासातली पारख होते ती बहुधा अशी मुक्कामाला.

पाडव्यापासून दहा दिवसांनी कार्तिक शुद्ध एकादशी येते. संत नामदेवांचा जन्म याच तिथीचा, इसवी सन १२७० मधला, असे परंपरेने मानले आहे. त्यांचे गाव म्हणून ज्या नरसीचे नाव घेतात, ती कयाधू नदीच्या काठची नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा निराळा झाला. औंढा नागनाथचे प्रसिद्ध शिवस्थानही याच जिल्ह्यातले. नामदेवांनी आयुष्यात पायपीट केली ती केवढी! पंढरपूर तर घरच झाले होते. पण ज्ञानदेवांबरोबर उत्तरेची तीर्थयात्रा झाली, आणि उतारवयात पंजाबातल्या घुमानपर्यंत पाऊल गेले. तिकडे त्यांचे नाव इतके रुजले की शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

एवढा चाललेला माणूस. पण त्यांच्याविषयी लोकांच्या तोंडी असलेल्या कथा आठवून पाहा. चालण्याची कथा क्वचितच सापडेल. ज्या सापडतील त्या थांबण्याच्या.

तेरला गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंची नजर तिथल्या थापटण्याकडे गेली. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. गोरोबा म्हणाले, कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते हे याने कळते. मग आमचीही परीक्षा घ्या की, असे त्या म्हणाल्या आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव तेवढे चिडले. आणि हे मडके कच्चे, असा निकाल लागला. अपमान झाला खरा, पण त्या एका संध्याकाळने नामदेवांना गुरूच्या शोधात धाडले.

गुरू भेटले तेही कसे? औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून खुशाल पहुडले होते! नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंडी उमटू लागली. एक माणूस आडवा पडलेला, दुसरा त्याच्यापाशी थबकलेला, एवढ्यातच सारा उपदेश झाला.

तिसरी कथा मारवाडातली. ज्ञानदेव आणि नामदेव तहानेने व्याकूळ होऊन एका विहिरीपाशी थांबले. पाणी खोल, वर काढायला साधन नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म देह धरून आत उतरले, पाणी पिऊन वर आले, आणि तुझ्यासाठीही आणतो म्हणाले. नामदेवांनी नको म्हटले. त्यांनी विठ्ठलाला हाक घातली आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा. दोन जिवलग सोबती, एक ज्ञानी आणि एक भक्त, यांच्या स्वभावांतले अंतर सांगायला सांगणाऱ्याने जागा कोणती निवडली? पाणवठ्याची. बरोबर चालत असताना दोघे सारखेच दिसत होते, थांबल्यावर निराळे दिसले.

यावर एखादे चौकस वाचक म्हणतील, "अहो, पण गीता तर ऐन रणांगणावर सांगितली!" कबूल. मात्र त्यासाठी रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा करावा लागला आणि अर्जुनाला धनुष्य खाली ठेवावे लागले. रथ दौडत असता तर अठरा अध्याय राहोत, अठरा शब्दही ऐकू गेले नसते. आणि महाभारतातली गोष्टींची खरी खाण पाहायची असेल तर वनपर्व उघडावे. नळदमयंतीची कथा बृहदश्वांनी युधिष्ठिराला सांगितली ती वनवासात. सावित्रीची मार्कंडेयांनी सांगितली तीही वनवासातच. राज्य गेले, पण ऐकायला वेळ आणि सांगायला माणसे मिळाली.

आता वाचकांनी माझ्याबरोबर घरातल्या दुसऱ्या खोलीत डोकवावे. तिथे आपले चिरंजीव किंवा कन्यारत्न संगणकापुढे बसले आहे आणि तीनदा हाक मारूनही जेवायला उठत नाही. पडद्यावर तलवारी चाललेल्या पाहून आपण कपाळाला आठ्या घालतो. पण या खेळांतला एक प्रकार सगळ्याच वडीलधाऱ्यांनी जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एक पात्र होतो, त्याला चारदोन सोबती मिळतात आणि सारी टोळी लांबच्या वाटेला लागते. वाटेत लढाया होतात, माणसे जखमी होतात, शक्ती संपते. मग रात्री कुठेतरी तळ पडतो, शेकोटी पेटते, जखमा भरून येतात.

हा विसावा आला तो मुळात हिशेबापोटी. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. त्यात जादूगाराला दिवसाचे मंत्र मोजून मिळत. ते संपले की पुन्हा मिळवायला रात्रीची विश्रांती हवी. एवढाच काय तो नियम. पुढे असे खेळ संगणकावर आले, आणि ते रचणाऱ्यांच्या ध्यानात आले की सारी मंडळी एकत्र, निवांत, शस्त्रे खाली ठेवून बसलेली असतात ती याच एका वेळी. कोणाला मनातले बोलायचे असेल तर ते आता नाही तर कधी?

कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या 'ड्रॅगन एज : ऑरिजिन्स' या २००९ सालच्या खेळात असा तळ आहे. खेळणारा शेकोटीभोवती एकेका सोबत्यापाशी जाऊन बसतो, त्याची विचारपूस करतो, त्याला आवडेल अशी भेट देतो. हळूहळू सोबती मोकळा होतो, आपल्या आईविषयी, सोडून आलेल्या गावाविषयी बोलू लागतो. त्याची मर्जी फारच खट्टू झाली तर तो चालताही होतो.

जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा 'फायनल फँटसी १५' हा खेळ २०१६ चा. त्यात चार मित्र मोटारीतून भटकतात. गंमत अशी की दिवसभरात कमावलेला अनुभव रात्री विसावा घेतल्याखेरीज खात्यात जमाच होत नाही. विसाव्याचे प्रकार दोन. पैसे मोजून खोली घेतली तर अनुभवाची कमाई वाढवून मिळते. उघड्यावर तंबू ठोकला तर ती वाढ मिळत नाही, पण चौघांतला एकजण सर्वांसाठी स्वतःच्या हाताने रांधतो. आणि झोपण्यापूर्वी दुसरा एकजण दिवसभरात काढलेली छायाचित्रे दाखवतो: हा बघ तू पडलास तो, हा बघ तू हसलास तो. मुक्काम म्हणजे दिवसाची उजळणी, हे यापेक्षा सोप्या रीतीने कोणी सांगितलेले मला तरी ठाऊक नाही.

पण या साऱ्यांत विचार करायला लावतो तो बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा, २०२३ साली आलेला 'बाल्डर्स गेट ३'. त्यात नायकाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या डोक्यात एक अभद्र किडा शिरलेला असतो. लवकर उपाय केला नाही तर सगळे राक्षस होणार, असे प्रारंभीच बजावले जाते. साहजिकच नवा खेळाडू धावत सुटतो. रात्रीचा पुरा विसावा घ्यायचा तर वाटेत गोळा केलेल्या शिध्यातून ४० एकक खर्ची पडतात, तेव्हा काटकसरी माणूस तोही लांबणीवर टाकतो. दोन लढायांच्या मध्ये घटकाभर टेकण्याची सोय आहे. तेवढ्यावर तो भागवतो.

आणि इथेच त्याचे नुकसान होते. या सोबत्यांच्या आयुष्यातले कितीतरी महत्त्वाचे प्रसंग तळावर, रात्रीच घडतात. अ‍ॅस्टेरियन नावाचा एक ऐटबाज सोबती आहे. तो माणसाचे रक्त पिणारा आहे, हे एका रात्री निजानीज झाल्यावर उघडकीस येते. मग संतापायचे, की त्याची कहाणी ऐकून घ्यायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. असे प्रसंग एकामागे एक रांगेत उभे असतात, आणि एका रात्री बहुधा एकाचीच पाळी येते. रात्री कमी झाल्या की रांग तुंबते. तेवढ्यात पुढचा अंक सुरू झाला की मागचे काही प्रसंग कायमचे हुकतात. ज्या किड्याच्या धाकाने खेळाडू पळत होता, तो किडा विसाव्याच्या रात्री मोजत नसतो, हे त्याला फार उशिरा कळते.

यातून एक चमत्कारिक न्याय निर्माण होतो. विसावा घ्यायचा तो जखमी झाल्यावर, दमल्यावर, शक्ती संपल्यावर, अशी समजूत एकदा झाली, की जो खेळाडू सर्वांत तरबेज त्याला विसाव्याची गरज सर्वांत कमी पडते. त्याला वार लागत नाही, त्याचे मंत्र संपत नाहीत. तो एका दमात मजल मारतो, शत्रू लोळवतो, आणि शेवटाला पोचतो तेव्हा बरोबरच्या माणसांची त्याला नावांपलीकडे ओळख नसते. नवशिका मात्र पदोपदी मार खातो, रोज तळ ठोकतो आणि सर्वांची सुखदुःखे जाणून घेतो. कर्तबगार माणसाच्या वाट्याला लढाई सगळी आणि गोष्ट थोडी येते.

खेळ रचणाऱ्यांनाही हा पेच जाणवला असावा. म्हणून शिधा पुरेसा नसला तरी तळ ठोकून अर्धवट विसावा घेता येतो आणि कोणी जखमी नसले तरी रात्र काढता येते. सोबत्याला काही सांगायचे असेल तर तळावर त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह झळकते. विसावा अगदी फुकटही करून चालत नाही. दर दहा पावलांवर झोप काढता आली तर लढाईत राम उरत नाही. 'पाथफाइंडर : किंगमेकर' या २०१८ सालच्या खेळात तळ पडला की सोबत्यांना कामे वाटून द्यायची असतात. एकाने शिकार आणायची, एकाने स्वयंपाक करायचा, काहींनी पहारा द्यायचा. पण मोठ्या कामांना मुदती घातलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक रात्र मुदतीतून वजा होते. विसाव्याला किंमत हवी. मात्र किंमत भारी झाली की माणसे तो टाळतात, आणि विसाव्याबरोबर गोष्टही टळते. हे माप बरोबर साधणे मोठे कठीण आहे.

आमच्या वारीने ते फार पूर्वीच साधले आहे, असे मला वाटते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास निघते ती महिनाभर चालते आणि हिंगोली जिल्ह्यातून जाते. आळंदीहून ज्ञानदेवांची निघते. या पालख्यांचे मुक्काम आधीपासून ठरलेले असतात. कोणी दमला म्हणून पालखी थांबत नाही, आणि कोणाच्या अंगात अजून चार कोस चालण्याची रग आहे म्हणून ती पुढेही जात नाही. मुक्काम आला की धडधाकट गडी आणि सत्तरीची आजी दोघेही टेकतात. विसावा तिथे थकव्यावर सोपवलेला नाही.

ज्ञानदेवांच्या सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाज आरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि सारा तळ चिडीचूप होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग तिकडे लक्ष जाते, गाऱ्हाणे विचारले जाते, त्याचा निवाडा होतो. वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. मगच आरती होते. दिवसाचा सल रात्रीपलीकडे न्यायचा नाही, ही रीत एवढ्या मोठ्या जनसमुदायाने पाळावी हे थोर आहे.

आता आपल्या बिऱ्हाडांकडे वळू. घरात चार माणसे, चौघांच्या चार वाटा. कोणी सकाळच्या लोकलने जातो, कोणी शिकवणीला पळते. जेवणे आपापल्या सवडीने उरकतात. सारी धावपळ घरासाठीच चाललेली असते, यात शंका नाही. कुठल्या ना कुठल्या किड्याचा धाक प्रत्येकाच्या मागे आहे. परीक्षेचा आहे, हप्त्यांचा आहे, मागे पडण्याचा आहे. आपण थांबतो ते कधी? कोणी आजारी पडले म्हणजे. वडील इस्पितळातून घरी येतात, आठ दिवस आरामखुर्चीत पडून राहतात, आणि तेव्हा मुलीला प्रथमच कळते की तरुणपणी यांना बासरी शिकायची होती. ही गोष्ट इतकी वर्षे रांगेत उभी होती. तिला हवी ती रात्र मिळत नव्हती.

घरात जो सर्वांत कर्ता, ज्याला कधी ताप येत नाही, जो कधी रजा घेत नाही, ज्याचे आपण कौतुक करतो, त्याच्याच वाट्याला घरची गोष्ट सर्वांत कमी येते. तो कमावून आणतो, पण विसाव्यावाचून ती कमाई कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. बरे, खेळातल्या सोबत्याच्या डोक्यावर निदान उद्गारचिन्ह तरी उमटते. आपल्या माणसांच्या डोक्यावर असे काही उमटत नाही. सून भांडी जरा मोठ्याने आपटते, आजोबा दोनदा खाकरतात, मुलगा पानावर भात तसाच ठेवून उठतो. टाळ वाजतच असतात. ते ऐकायला आधी बाकीचा गलबला थांबवावा लागतो.

म्हणून घरोघरच्या गृहिणींना आणि गृहस्थांना माझे सुचवणे एवढेच आहे की मुक्काम थकव्यावर सोपवू नये, वारीसारखा तो आधी ठरवून टाकावा. रोज जमत नसेल तर आठवड्यातली एक रात्र पुरे. त्या रात्री चौघांनी एका वेळी पानावर बसायचे, जेवण आटोपले तरी लगेच उठायचे नाही. कामाचे बोलणे काढायचे नाही. काही बोलणे झालेच नाही तरी बिघडत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री बहुधा होणारही नाही. शेकोटीभोवतीचा सोबतीसुद्धा पहिल्याच रात्री आपले गुपित सांगत नाही. त्यासाठी तळ पुन्हा पुन्हा पडावा लागतो.

त्या खेळणाऱ्या पोरावरही उगीच खेकसू नये. पडद्यावर लढाई चालली असेल तर त्याचे उत्तर मिळणार नाही, हे उघड आहे. पण शेकोटी पेटलेली दिसली, तंबू लागलेले दिसले, तर खुर्ची ओढून शेजारी बसावे. हा कोण, तो असा उदास का, तू त्याला काय उत्तर देणार, असे विचारावे. जी पोरे शाळेत काय झाले या प्रश्नाला "काही नाही" म्हणून वाटेला लावतात, ती अशा वेळी अर्धा तास बोलतात. आपल्याला वाटते पोरगा रक्तपिपासू अ‍ॅस्टेरियनविषयी सांगतो आहे. फसवणाऱ्या मित्राला क्षमा करावी की नाही, याबद्दलचे स्वतःचे मत तो सांगत असतो.

या दिवाळीत घरोघर चार दिवस माणसे एकत्र येतील. फराळाची ताटे फिरतील, पाहुण्यांची ये-जा राहील, आणि तो सगळा प्रकारही एक धावपळच होऊन बसेल. त्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी. पणत्या विझत आल्या की गच्चीवर किंवा ओट्यावर सतरंजी टाकावी, उरलेल्या चकल्यांचा डबा मध्ये ठेवावा, आणि घरात जो कोणी सर्वांत कमी बोलतो त्याच्या शेजारी बसावे.